आबांची माजिवड्याची तसबीर

माझ्या नातवाने मोटार घेतली आहे. घेतली म्हणजे तिसऱ्या हाताने घेतली. पहिल्या मालकाने ती विलायतेहून आणवली, दुसऱ्याने ती गोठ्यात ठेवून तिच्यावर पेंढा रचला, आणि तिसरे हे शहाणे. रविवारी स्वतः आंघोळ करायच्या आधी हा मोटारीला आंघोळ घालतो. दांडा फिरवून फिरवून घामाघूम होतो, मग ती दोनदा खोकते, धूर सोडते आणि पुन्हा गप्प बसते. तरी मला म्हणतो, "आजी, अशी गाडी आता कोण बनवणार गं?" मी हसते. गाडीवर जीव टाकायचं वेड आमच्या रक्तातच आहे, मधल्या एका पिढीने जरा दम खाल्ला एवढंच.

परवा त्याने मोटारीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगला आणि मला विचारलं, "तुझ्या वडिलांचा एखादा फोटो असेल की गं कुठेतरी?" मी म्हटलं, आहे, माजिवड्याला, परक्याच्या भिंतीवर. "कसे दिसतात त्यात?" हे काही एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे.

माझे वडील कल्याणात सुतार होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. दारं, खिडक्या, पाळणे सगळे सुतार करतात, तसे तेही करायचे, पण बेताबेतानेच. त्यांचा जीव दमणीत. आताच्या मुलांना दमणी म्हणजे काय ते सांगायला लागतं. दोन चाकं, वर कमानदार छप्पर, बाजूला पडदे आणि पुढे हलक्या अंगाच्या बैलांची जोडी. भाताची पोती न्यायला छकडा, आणि माणसांना न्यायला दमणी. आगगाडी कल्याणात येऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, पण आगगाडी रुळांवरच चालते. रुळापासून सासरपर्यंत लेकीसुनांना दमणीच लागायची.

आबा लाकडाशी फार गोड बोलायचे आणि माणसांशी फार तिखट. बाभळीचा एखादा ओंडका सहा-सहा महिने सावलीत वाळत पडलेला असायचा, येता-जाता त्याच्यावर हात फिरवायचे. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा विचारायला आलं की म्हणायचे, "घाई असेल तर पायी जा." आई म्हणायची, यांच्या तोंडामुळे आपण उपाशी मरू. पण मेलो नाही, कारण आबांचं चाक लंगडत नाही हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं.

चाकाला लोखंडी धाव चढवायचा दिवस म्हणजे आमच्या घरी सण. अंगणात गोवऱ्यांचा गोल पेटायचा, त्यात धाव लाल होईपर्यंत तापायची. लोहार आणि आबा दोघं ती सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचे, लाकूड पेटायला लागायचं, आणि त्याच क्षणी आई आणि मी कळशा ओतायचो. उशीर केला तर चाक जळायचं, घाई केली तर धाव वेडीवाकडी आवळली जायची. वाफेत कुणाला कुणाचं तोंड दिसायचं नाही, फक्त आबांच्या शिव्या ऐकू यायच्या. त्या शिव्या कधी लोहाराला असायच्या, कधी मला. वाफ विरली की ते उकिडवे बसायचे, चाक फिरवायचे आणि एक डोळा मिटून बघत राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा एक नेम होता. नवी दमणी पहिल्यांदा रस्त्याला लागली की ते तिच्यामागून पायी जायचे, खांद्यावर पटाशी, मोगरी आणि चार पाचरांची पिशवी घेऊन. मालक म्हणायचा, आत बसा. ते बसायचे नाहीत. आत बसलं की चाकाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणायचे.

मी नऊ वर्षांची असताना माजिवड्याच्या पाटलांनी दमणी सांगितली. मोठे मिठागरवाले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नवरी विठ्ठलवाडीच्या बाजूच्या एका गावातली होती. सून घरी येईल ती नव्या दमणीतूनच, असा त्यांचा हट्ट. आबांनी चार महिने दुसरं काम हातात धरलं नाही. ती दमणी मला अजून दिसते. शिसवीच्या दांड्या, छपराला आतून लाल कापड, जुवाला पितळी घुंगरं. लग्न लागलं, नवरीला आत बसवलं, आणि आबा नेहमीप्रमाणे मागून चालत निघाले. विठ्ठलवाडीपासून खाडी ओलांडून पार माजिवड्यापर्यंत.

तिसऱ्या दिवशी परत आले ते पाय सुजवून. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो तसाच हातात धरून म्हणाले, "माझी तसबीर काढली."

आम्हाला आधी कळेचना. मग सगळं सांगितलं. पाटलांनी मुंबईहून तसबीरवाला आणला होता. तीन पायांवर पेटी, वर काळं फडकं, फडक्यात त्याचं डोकं. तो ओरडला, कुणी हलायचं नाही. "मी श्वाससुद्धा घेतला नाही," आबा म्हणाले. आई घाबरली. तसबीर काढली की माणसाचं आयुष्य तुटतं, असं तेव्हा म्हणायचे. आबा म्हणाले, माझं वाढलं.

त्यानंतर आमच्या आळीत या तसबिरीने उच्छाद मांडला. कुणीही ओट्यावर येऊन बसलं की पाचव्या मिनिटाला आबा सांगायचे, "आमची तसबीर आहे हो माजिवड्याला. पाटलांच्या माजघरात टांगलीय." आई आतून म्हणायची, "आधी आरसा तरी बघा घरातला." पोरं मला चिडवायची, तुझा बाप भिंतीवर चढला. मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. मी मनातल्या मनात ती तसबीर रंगवली होती. दमणीच्या पुढे आबा उभे, डोक्याला नवं मुंडासं, एक हात जुवावर. पाटील कुठेतरी मागे.

खरं म्हणजे ती तसबीर आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती, आबांनीसुद्धा नाही. मोठ्यांच्या घरी जाऊन 'मला माझं तोंड दाखवा' असं कसं म्हणायचं? माझं लग्न ठाण्यात झालं, आमचं बिऱ्हाड खोपटला. माझे यजमान शाळामास्तर, त्यांनी हट्टाने मला लिहायला-वाचायला शिकवलं, नाहीतर हे तुम्हाला कुठून वाचायला मिळतं! खोपटहून माजिवडा कोसभर. मी मनात आणलं असतं तर उन्हं चढायच्या आत जाऊन आले असते. वीस वर्षांत गेले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं सुद्धा नाही, मी वळसासुद्धा घातला नाही.

या वीस वर्षांत आई गेली. स्प्रिंगांचे टांगे आले, आणि दमणीत बसायला माणसांना लाज वाटू लागली. माझा भाऊ दुकानात दारं आणि बाकडी करू लागला. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तो दोन्ही डोळे घेऊनच गेला. तरी बाहेरून गाडी गेली की ते पडल्या-पडल्या सांगायचे, "डाव्या चाकाचा मधला तुंबा झिजलाय. कुणाची गं?"

मग त्यांनी अंथरूण धरलं. मी कल्याणला जाऊन-येऊन होते. एकदा मी ठाण्याला परत निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"बाय, एक काम करशील? माजिवड्याला जाऊन ये. मी कसा आलोय तेवढं बघून ये."

"काय आबा, आत्ता हे सुचतंय?"

"आत्ता नाही तर कधी? नीट बघ हां. घाई करू नको."

वैद्यांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आठवडा काढला तर पुष्कळ. म्हणजे आबांना ते ऐकू गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी माजिवड्याला गेले. दारात एक बाई तांदूळ पाखडत बसली होती, माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, नाकात मोठी नथ. मी सुताराची लेक म्हणून ओळख सांगितली. तिने सूप खाली ठेवलं.

"दमनीवाल्या सुताराची? बस गो बाय. हाय ना तुजा बापूस?"

ती त्या लग्नातली नवरी होती, आता घराची पाटलीण. मी चाचरत तसबिरीचं विचारलं. तिने मला सरळ माजघरात नेलं.

तसबीर माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती आणि कडांना पिवळी पडली होती. मधोमध खुर्चीवर म्हातारे पाटील, शेजारी नवरामुलगा, मागे दमणी, बैल, चार गडी. पायाशी एक कुत्रं. मी एकेक चेहरा बघितला. परत बघितला. आबा नव्हते. शेवटी पाटलीणबाईंनीच बोट ठेवलं. चाकाच्या मागून एक हात पुढे आला होता आणि त्याने चाकाचा एक आरा घट्ट धरला होता. आऱ्यांमधून धोतराचा एक तुकडा दिसत होता. बस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्र्याला तोंड आहे आणि माझ्या बापाला नाही! वीस वर्षं ओट्यावर बसून सांगितलं, वीस वर्षं लोकांचं हसू झेललं, आणि आहे काय तर एक हात. मला तिथेच रडू आलं. पाटलीणबाई म्हणाल्या,

"मी तरी कुठं दिसतंय त्यान? मी आतमदी बसलेली. आठ वर्साची. मना भूक लागलेली, आयेची आठवन येत व्हती, मी रडत व्हती. पडद्याची फट व्हती तवरी. त्यातना तुजा बापूस दिसं. घाम निथलत व्हता त्याचे तोंडावरशी. त्यानी मना बगला, आनी डोला मिचकावलान. मी रडायची थांबली बग."

एवढ्या वर्षांनी त्यांना ते आठवत होतं. त्यांनी मला ताक दिलं, आबांसाठी सुक्या बोंबलांची जुडी दिली. दमणीचं विचारलं तर म्हणाल्या, ती कधीच मोडली, एक दांडी तेवढी गोठ्याच्या दाराला आडणा म्हणून आहे. मी निरोप घेतला.

कल्याणच्या गाडीत बसले तोवर माझं ठरलं होतं. मरणाऱ्या माणसाला खरं सांगून काय मिळवायचं? त्यांना दिसत तर नाहीच. मी त्यांना तोंड देणार होते.

घरी पोचताच त्यांनी हाक मारली. "बघितलीस?"

"बघितली." मी उशाशी बसले. "फार छान आलायत तुम्ही आबा. दमणीच्या पुढे उभे आहात. मुंडासं नवं आहे. तोंडावर घाम आलेला दिसतो, उन्हात उभं केलं असेल मेल्याने. पण डोळे काय हसरे! एक डोळा तर जरा मिटल्यासारखाच आहे. पाटील तुमच्यापुढे काहीच नाहीत."

मी बोलत गेले आणि मला माझंच खरं वाटू लागलं. आबा ऐकत होते. मग त्यांच्या छातीत खरखर झाली, मी घाबरले, आणि कळलं की ते हसत आहेत.

"अगं वेडाबाई, मी चाकाच्या मागे बसलेलो. बैल बुजायला लागले, गाडी मागेपुढे व्हायला लागली, तसबीरवाला ओरडतोय. मी म्हटलं, ओरडू नको, मी धरतो. माझं तोंड दिसेल कसं?"

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "चाक सांग ना. चाक कसं आलंय?"

आणि मला सांगता येईना. मी सुताराची लेक. धावेवर पाणी ओतून-ओतून माझे हात भाजलेले. मी ती तसबीर दोन-चार वेळा न्याहाळली, चेहरे मोजले, कुत्र्याचा हेवा केला, आणि चाक बघितलंच नाही. त्या चाकावर त्यांचा हात होता तरी मी हातच बघितला.

मला वाटलं रागावतील. त्यांनी नुसतं तोंड भिंतीकडे वळवलं. "राहू दे," म्हणाले. "तू तरी काय करणार! कुणी बघतच नाही चाक. किती गाड्या केल्या गं मी. काही चिखलात कुजल्या, काहींनी चुली पेटल्या. कुठं एक उरली नाही. ती तसबीर तेवढी."

आयुष्यात त्यांनी मला हजार शिव्या दिल्या असतील. एकही मला त्या 'राहू दे'इतकी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा श्वास बिघडला. सकाळी मी पदर खोचून निघाले तेव्हा भावजय दारात आडवी आली. "आत्ता कुठे निघालात वन्सं? हे काय चाललंय घरात ते दिसतंय ना?" भावाच्या तोंडावरही तेच होतं. माणूस जायच्या घडीला लेक उशाशी हवी, पाणी पाजायला. मी गेल्यावर काही झालं असतं तर मला जन्मभर तोंड दाखवायला जागा नव्हती. पण त्यांच्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाला पाणी पाजून मी काय करणार होते?

माजिवड्याला पाटलीणबाई दारातच होत्या. "चाक बघायचंय," मी म्हटलं. त्यांनी घडवंची ओढली, स्वतः वर चढून तसबीर काढली आणि ओट्यावर उजेडात आणून पदराने काच पुसली. मग आम्ही दोघी बायका, एक पाटलीण आणि एक सुताराची लेक, ओट्यावर मांडी घालून त्या चाकावर डोकी लावून बसलो. मी बोट फिरवत मोजत होते, आणि त्या माझ्याबरोबर मोठ्याने मोजत होत्या. गडी कामं सोडून आमच्याकडे बघत होते.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. म्हाताऱ्या पाटलांनी बहुतेक तोंड हलवलं होतं, त्यांच्या मिशा धुरासारख्या झाल्या होत्या. एका बैलाला दोन तोंडं होती. नवऱ्यामुलाचे हात पुसट होते. गड्यांतला एकजण नुसता डाग होता. सगळे थोडेथोडे हलले होते. चाक हललं नव्हतं. मी डोळ्यांत तेल घालून ते बघितलं, वरून, खालून, सांध्यांपाशी, धावेपाशी. पाटलीणबाई म्हणाल्या, "नेतेस का घरी? ने बाय. मानसं बोलतील ता मी बगीन." मी नको म्हटलं. आबांना ती दिसणार नव्हती, आणि मला आता पाठ झाली होती.

कल्याणला उतरल्यावर स्टेशनापासून घरापर्यंत मी अक्षरशः पळत गेले. आळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा आमच्या दारात माणसं दिसली. पण ती नुसती समाचाराला आलेली होती. मी त्यांच्यातून वाट काढून आत गेले, आबांच्या कानाशी तोंड नेलं. "आबा, चाक बघून आले."

मग त्यांनी मान वळवली, माझ्या बाजूला.

"आरे किती दिसतात?"

"बारा. एक तुमच्या हाताआड आहे, पण वर-खाली दिसतो."

"कडेच्या पाट्यांचे सांधे?"

"शोधावे लागतात. केस जाणार नाही."

"धाव?"

"सगळीकडून सारखी बसलीय. कुठे काळा डाग नाही, जळल्याचा."

"कळशी तूच ओतलेलीस तिकडून," ते म्हणाले. मला ते आठवतही नव्हतं. मग पुन्हा श्वास गोळा करून त्यांनी विचारलं, "उभं कसं आहे? खरं सांग."

"ओळंबा लावल्यासारखं. पाटील हललेत आबा, बैल हललाय. सगळे पुसट आलेत. चाक तेवढं लख्ख आहे."

त्यांनी डोळे मिटले. न दिसणारे डोळे, तरी ते चाक बघताना मिटायचे तसा आधी एक मिटला, मग दुसरा. ओठांवर हसू होतं, पोरासारखं.

"मग चांगला आलोय की गं मी."